सातेरीसाठी पेटी घरी बनवताना: आधी फ्रेम, मग पेटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगमेश्वरजवळ घर, मागच्या पडवीत टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत), राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) आणि हाताची हत्यारं. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, चार-पाच वसाहती ठेवायच्या आहेत आणि पेट्या स्वतः करायच्या आहेत. लँगस्ट्रॉथ पेटीचा नकाशा उतरवून घेतला आहे. प्लायवूड चालेल का, सांधा कोणता घ्यावा आणि रंग कोणता लावावा, हे तुम्ही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तरं देतो. लँगस्ट्रॉथ सातेरीसाठी नको. प्लाय झाकणाला चालेल, भिंतींना नको. सांधा साधा खाचेचा घ्या, डिंक आणि स्क्रू लावून तो पुरेसा टिकतो. रंग फक्त बाहेरून. पण या चारही गोष्टी दुय्यम आहेत. पेटी बिघडते ती मापात, आणि सुतारकाम उत्तम येणाऱ्या माणसाच्याच हातून जास्त बिघडते. कारण तो पेटीला पेटी समजून बाहेरून मोजायला लागतो. मधपेटीत खरी वस्तू म्हणजे फ्रेम, माश्या जीत पोळं बांधतात ती लाकडी चौकट. पेटी म्हणजे फ्रेमभोवती ठरावीक अंतर राखून उभी केलेली भिंत, एवढंच.

लँगस्ट्रॉथ का नको ते सांगतो. ती युरोपीय माशीची, म्हणजे मेलिफेराची पेटी. मेलिफेरा आपल्या देशात नीट रुजली ती १९६२ साली, हिमाचलातल्या नगरोटा बगवाँला. तिची भरलेली वसाहत पन्नास-साठ हजार माश्यांची असते. आपली सातेरी जोरात असली तरी वीस-पंचवीस हजारांच्या पुढे क्वचित जाते. ४४८ गुणिले २३२ मिमीच्या दहा फ्रेमा दिल्या, तर तिला त्या झाकता येत नाहीत. जे पोळं माश्यांनी झाकलेलं नाही, त्यात मेणकिडा (मेण खाणारी पतंगाची अळी) शिरतो. एकदा मेणकिड्याची जाळी धरली की सातेरी झुंजत बसत नाही, घर सोडून जाते. शिवाय मेलिफेराच्या दोन पोळ्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ३५ मिमी अंतर लागतं, सातेरीला ३० ते ३२ पुरतं. ३५ वर बसवलं तर दोन पोळ्यांमधली गल्ली रुंद होते, पिलाव्याची (अंडी-अळ्यांची) ऊब टिकत नाही, आणि माश्या फ्रेमची ओळ सोडून वाकडंतिकडं बांधायला लागतात. मग फ्रेम उचलायला जावं तर शेजारचं पोळं फाटून येतं.

सातेरीसाठी लहान पेटी करायची खटपट आपल्याकडे १९१० च्या दशकातच दक्षिणेत फादर न्यूटन यांनी केली. त्यांच्या नावाची पेटी अजून तिकडे वापरात आहे. पुढे आयएस १५१५ हे भारतीय मानक आलं, त्यात लहान-मोठे प्रकार आहेत. आपल्याकडच्या सरकारी पेट्या त्या घराण्यातल्या. तुम्ही मानकाचा कागद शोधत बसण्यापेक्षा एक खरी फ्रेम हातात घ्या. महाबळेश्वरचं मध संचालनालय, पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, नाहीतर तुमच्या तालुक्यातला जो मधपाळ तुम्हाला वसाहत देणार आहे तो. यातला शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. तो वसाहत त्याच्या फ्रेमांवर देणार. त्या तुमच्या पेटीत उतरल्या नाहीत, तर पोळी कापून दोऱ्याने बांधायची वेळ पहिल्याच दिवशी येईल. नंतरही फ्रेमांची देवाणघेवाण चालते: राणी मेली तर अंड्यांची एक फ्रेम शेजाऱ्याकडून आणून घालता येते. म्हणून कागदावर एखादं माप कितीही छान दिसलं तरी तुमच्या पंचक्रोशीत चालतं तेच माप धरा.

आता त्या अंतराकडे येऊ. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं, की माश्या ठरावीक रुंदीची फट मोकळी ठेवतात, तीत ना मेण बांधतात ना ती बुजवतात. त्यापेक्षा अरुंद फट त्या बंद करतात, रुंद फटीत पोळं बांधतात. पुढच्याच वर्षी त्याने हलत्या फ्रेमच्या पेटीचं पेटंट घेतलं. आपल्या सुताराच्या भाषेत ही फट दोन ते तीन सुतांची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीला थोडं कमी. सातेरीसाठी मी अडीच सूत, म्हणजे ८ मिमी धरतो. फ्रेमची बाजूची पट्टी आणि पेटीची भिंत यांत ८, फ्रेमची वरची पट्टी आणि झाकण यांत ८, खालच्या फ्रेमचा माथा आणि सुपरच्या (मधासाठी वर ठेवायच्या खोक्याच्या) फ्रेमचा तळ यांत ८. दीड मिमीची चूक चालून जाते, तीनची चालत नाही.

हिशेब करून दाखवतो. समजा हातातली फ्रेम बाहेरून २३० मिमी लांब आणि १६५ मिमी उंच आहे, कान (वरच्या पट्टीची बाहेर आलेली टोकं) सोडून. पेटीची आतली लांबी २३० अधिक ८ अधिक ८, म्हणजे २४६. आठ फ्रेमा, प्रत्येकी ३१ मिमी, म्हणजे २४८, आणि पहिली फ्रेम सरकवून उचलता यावी म्हणून आणखी ८: आतली रुंदी २५६. उंची १६५ अधिक ८, म्हणजे १७३. वरच्या पट्टीचे कान टेकायला फ्रेमच्या टोकांकडच्या दोन भिंतींच्या आतल्या वरच्या कडेला खाच मारायची. कान १० मिमी जाड असेल तर खाच १८ खोल, म्हणजे वर ८ उरतात. खाचेची रुंदी १०, आणि पट्टीची एकूण लांबी दोन्ही खाचांच्या मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा २-३ मिमी कमी. आता भिंतीची जाडी काहीही असो, आतलं गणित बदलत नाही. नवशिके नेमकं इथे फसतात. वखारीतली ‘इंची’ फळी रंधून सात सूत होते, कधी सहा. बाहेरून मोजून कापलेल्या पेटीत तो फरक थेट माश्यांच्या फटीतून जातो.

तुमच्या नकाशात खोक्याची उंची बहुधा ९ ५/८ इंच लिहिलेली असेल, म्हणजे ७७ सूत. फ्रेम ७३ सुतांची. दोन खोकी एकावर एक ठेवली की मधे चार सूत उरतात. मेलिफेरा ठेवायची झाली तरी मी ती उंची ७६ धरेन.

आणि हा उंचीचा आकडा कोकणात आणखी हलतो. लाकूड रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं हलतं. पेटीच्या भिंतींत रेषा आडव्या असतात, म्हणून लांबी-रुंदी बारा महिने तीच राहते आणि उंची तेवढी बदलते. फ्रेमच्या बाजूच्या पट्टीत रेषा उभ्या, म्हणून फ्रेमची उंची बदलत नाही. मे महिन्यात वाळलेली पावणेदोनशे मिमी रुंदीची सागाची फळी जुलै-ऑगस्टात दोन मिमीच्या आसपास फुगते. आंबा त्याहून जास्त. फ्रेम वरच्या खाचेला लटकलेली असते, त्यामुळे ही सगळी हालचाल खालच्या अंगाला दिसते. पावसात भिंत खाली वाढते आणि फ्रेमचा तळ वर राहतो. उन्हाळ्यात भिंत आकसते आणि तोच तळ कडेच्या खाली डोकावतो. तळ बाहेर आलेलं खोकं जमिनीवर टेकवलं की फ्रेमांवर उभं राहतं, डुगडुगतं, आणि खाली आलेल्या माश्या चिरडतात. त्यात राणी असली तर संपलंच. म्हणून मे महिन्यात कापत असाल तर वरच्या उदाहरणात १७३ ठीक, त्यापुढे ती वाढणारच आहे. पावसात किंवा पाऊस संपता संपता कापत असाल तर १७५ ठेवा. सुपर उंचीने निम्मं असतं, तिथे हा खेळ मिलिमीटरभराचा, दुर्लक्ष केलं तरी चालतं.

लाकूड. वजनाला हलकं, नीट वाळलेलं आणि वास नसलेलं, या तीन अटी. साग उत्तम टिकतो, पण जड आणि महाग. तुमच्या भागात शिवण मिळत असेल तर तिला पहिली पसंती द्या: हलकी, रंध्याला गोड आणि कमी हलणारी. उत्तरेकडच्या पेट्या कैल आणि तूनच्या असतात, मोठ्या शहरांच्या वखारीत कैल मिळते. आंबा स्वस्त, पण किडतो आणि पिळतो. तळपाट आणि झाकणाच्या चौकटीला वापरा आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. पाडलेल्या घरांची सागाची दारं-खिडक्या जुन्या बाजारात मिळतात. ते लाकूड पन्नास वर्षं वाळलेलं असतं, त्यासारखं दुसरं नाही. मात्र जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे रंग घासून त्याची धूळ उडवू नका. बाहेर बसून, मास्क लावून रंध्याने साल काढल्यासारखा काढा, छिलका गोळा करून टाका. सागाची धूळ तशीही नाका-घशाला बरी नाही.

पॅकिंगच्या खोक्यांची पाईन फुकट मिळते म्हणून मोह होतो. त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ अशी अक्षरं असतील तर ती नुसती तापवलेली, चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, हात लावू नका. शिक्काच नसेल तर सोडून द्या. वाळवीचं औषध मारलेलं कुठलंही लाकूड बाद. माशी हा कीटकच आहे, औषध तिच्यात आणि वाळवीत भेद करत नाही. प्लायवर माझा आक्षेपही मुख्यतः हाच. बाजारातला ‘बोरर-प्रूफ’ प्लाय म्हणजे औषधात बुडवलेला प्लाय, वर त्याच्या कडा पाणी पितात. झाकणाच्या पत्र्याखाली ६ मिमीचा चांगला वॉटरप्रूफ तुकडा घातला तर गोष्ट वेगळी, तिथे माश्या बसत नाहीत.

एका पेटीला, सुपर आणि फ्रेमांसकट, तूटफूट धरून साधारण पाऊण घनफूट लाकूड लागतं. वखारवाल्याला घनफुटात सांगा आणि फळ्या स्वतः निवडा. उभी धरून एका डोळ्याने कडेवरून बघायची, पीळ असलेली बाजूला ठेवायची. पीळ रंध्याने जात नाही, फळीच संपते.

भिंती जोडताना फळीच्या टोकाकडच्या कडा बघा. वाढीची वर्तुळं दिसतील. गाभ्याची बाजू बाहेर ठेवा. फळी वाळताना सालीच्या बाजूला खोलगट होते. गाभा बाहेर असला तर वरची आणि खालची कड आत दाबली जाते आणि कोपरे घट्ट राहतात. उलट लावली तर वर्षभरात चारही कोपरे वरून उघडतात.

हे कोपरे उघडणं सातेरीच्या बाबतीत जरा जास्तच महागात पडतं. मेलिफेरा झाडांचा डिंक आणून फटी लिंपते. सातेरी डिंक आणतच नाही. तुम्ही जी फट सोडाल ती फट राहते, आणि तीत मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो, मुंग्या वाट करतात. परदेशी व्हिडिओंत सांधे ढिले असले तरी ‘माश्या बघून घेतील’ असा एकूण सूर असतो. तो त्यांच्या माशीपुरता खरा. दुसरा परिणाम असा की आपली खोकी एकमेकांना चिकटून बसत नाहीत. हाताळायला हे फार सुखाचं असतं, पण वाऱ्यात झाकण सरकतं. त्यामुळे झाकणावर जांभा दगड ठेवा, नाहीतर पट्टा बांधा.

सांधा: लांब भिंतीच्या दोन्ही टोकांना अर्ध्या जाडीची खाच, तीत आखूड भिंत बसते. टेबल सॉवर एक आडवा आणि एक उभा काप दिला की झालं. फिंगर जॉइंट दिसायला देखणा, डिंकाला जागा भरपूर, तुमच्याकडे राउटर आहे तर हौस म्हणून करा. फक्त त्यात रेषांची तोंडं जास्त उघडी पडतात, रंग कमी लागला तर तिथूनच कुजायला सुरुवात होते. डिंक पाण्याला टिकणारा घ्या, फेविकॉल मरीनसारखा. साधा पांढरा पहिल्या पावसात मऊ होतो. लोखंडी खिळे सागात काळे डाग सोडतात आणि पाच-सहा वर्षांत गंजून ढिले होतात. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. जोडणी कडप्प्याच्या ओट्यावर करा, तेवढी सपाट जागा घरात दुसरी नसते. शिकंजा आवळला की दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन मिमीचा फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाब देऊन डिंक ओला असतानाच सारखा करा. वाळल्यावर ६० नंबरचा पॉलिश पेपर कडप्प्यावर पसरून खोकं उलटं-सुलटं घासा, चारही कोपरे एकदम टेकेपर्यंत. सगळी खोकी एकमेकांवर कुठल्याही दिशेने बसली पाहिजेत.

एक सूचना सगळ्या कापांना लागू: एका मापाचे सगळे तुकडे एकाच बैठकीत, सॉच्या कुंपणाला ठोकळा लावून कापा. टेपने प्रत्येक वेळी मोजून कापलेले वीस तुकडे वीस मापांचे निघतात.

आता फ्रेमा. पाच पेट्यांच्या, सुपरसकट, ऐंशी फ्रेमा होतात, म्हणजे पेटीपेक्षा वेळ इथेच जातो. बाजूच्या पट्ट्या एकेक करून खाचू नका. दीड इंची फळी ३१ मिमीपर्यंत रंधा. तिचा फ्रेमच्या उंचीचा ठोकळा काढा, रेषा उंचीच्या दिशेने. त्या अख्ख्या ठोकळ्याच्या वरच्या टोकाला वरच्या पट्टीची खाच आणि खालच्या टोकाला खालच्या पट्टीची खाच मारा. मग ब्रेड कापावा तसे त्याचे ९ मिमीचे काप पाडा. प्रत्येक काप तयार पट्टी. शेवटचे दोन बोटांचे तुकडे सॉला देऊ नका, ढकलकाठी असली तरी. ते हाताच्या करवतीने कापा, नाहीतर चुलीत घाला. पट्टीचा वरचा तिसरा हिस्सा पूर्ण ३१ रुंद राहू द्या. त्यामुळे फ्रेमा एकमेकींना टेकल्या की अंतर आपोआप बरोबर पडतं. खालचा भाग दोन्ही बाजूंनी तासून २२-२३ वर आणा, म्हणजे माश्यांना एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाता येतं. वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला मधोमध सॉच्या पात्याच्या जाडीची, एक सुताची चीर, मेणपत्रा (घरांची छाप असलेला मेणाचा पातळ पत्रा) बसवायला. बाजूच्या पट्ट्यांतून २८ गेजची बारीक तार आडवी ओवा, तुणतुण वाजेल इतकी ताणून. मेणपत्रा सातेरीचाच घ्या. मेलिफेराच्या पत्र्यावर सुमारे ५.४ मिमीच्या घरांची छाप असते, सातेरीचं कामकऱ्यांचं घर त्याहून लहान. मोठी छाप दिली तर ती एक तर पत्रा कुरतडून टाकते, नाहीतर नरांची घरं बांधत सुटते.

मेण वितळवायचं झालं तर भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात मेण. थेट गॅसवर कधीच नाही.

एक वस्तू नकाशात बहुधा नसेल, ती अवश्य करा: आडोशाची फळी. फ्रेमच्याच आकाराची, कानासकट, पण सलग लाकडाची, भिंतीपर्यंत दोन्हीकडे जेमतेम माशी जाईल इतकी. कोकणात जून ते सप्टेंबर बाहेर काही मिळत नाही, वसाहत चार फ्रेमांवर येते. तेव्हा रिकाम्या फ्रेमा काढून घ्यायच्या आणि या फळीने पेटी आतून लहान करायची. ऊब टिकते, मेणकिड्याला जागा उरत नाही. टाकाऊ फळीतून दहा मिनिटांत होणारी ही गोष्ट बाकी सगळ्या कलाकुसरीपेक्षा जास्त वसाहती वाचवते.

तळपाट सुटा ठेवा, खोक्याला ठोकू नका. दर आठ-पंधरा दिवसांनी खोकं बाजूला उचलून त्यावरचा मेणाचा चुरा पटाशीने खरवडून जाळायचा. मेणकिडा तिथूनच सुरू होतो. तळपाटाच्या तीन बाजूंना पट्टी, चौथीला दार. दाराची उंची ८ मिमी, त्याहून जास्त नको: पाल आणि मोठी गांधीलमाशी बाहेर राहतात. रुंदी नऊ-दहा सेंटीमीटर, आणि ती अर्धी करता येईल अशी सरकती पट्टी. दारापुढे तळपाट दोन-तीन बोटं पुढे काढा, उतरायला. ठेवताना पेटी दाराकडे किंचित कलती ठेवा, आत आलेलं पाणी बाहेर वाहून जाईल.

झाकण दोन पदरी. आत पातळ फळी, मधे जाळी लावलेलं भोक. वर लाकडी चौकट आणि तीवर पत्रा. फळी आणि पत्रा यांत निदान दोन बोटं हवा राहू द्या आणि चौकटीच्या दोन बाजूंना जाळीची भोकं ठेवा. नाहीतर एप्रिलमध्ये पोळी मऊ होऊन गळतात. घाटावर झाकण खोक्याबाहेर इंचभर आलं तरी चालतं. तुमच्याकडे तीन-चार इंच पुढे काढा, पाऊस आडवा येतो. वर मंगलोरी कौलं ठेवणारे लोक आहेत, कल्पना वाईट नाही. स्टँड लोखंडी, चार पाय, प्रत्येक पाय वाटीत. वाटीत पाणी ठेवलं तर ते आटतं आणि डास होतात. जळकं ऑइल घाला आणि वर पत्र्याची टोपी लावा, म्हणजे माश्या त्यात पडत नाहीत. पेटीला टेकलेलं एक गवताचं पातं मुंगळ्यांना पुलासारखं पुरतं, तेवढं बघत राहा.

रंग. आतून काहीही नाही: वॉर्निश नाही, प्रायमर नाही, तेल नाही. बाहेरून जवसाचं उकळलेलं तेल दोन हात, किंवा फिकट रंगाचा पाण्यात मिसळणारा एक्स्टिरिअर पेंट. रेषांच्या तोंडांना एक हात जास्त. कान टेकतात त्या खाचेला आणि दोन खोकी जिथे टेकतात त्या कडांना रंग नको, तिथे मेण घासा. जवस तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते, हे वाचलेलं भय नाही, खरोखर घडतं. दोरीवर पसरून वाळवा. रंगानंतर पेट्या दोन-तीन आठवडे सावलीत उघड्या ठेवा. नाक आत घालून रंगाचा वास आला तर सातेरी राहणार नाही. आत जुन्या पोळ्याचं मेण थोडं चोळलं तर लवकर रुळते.

कोणी जुनी पेटी स्वस्तात देत असेल तर ब्लो लॅम्पने आतून तपकिरी होईपर्यंत शेकल्याशिवाय वापरू नका, आणि तिच्या जुन्या फ्रेमा घेऊच नका. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिणेतल्या सातेरीचा फडशा पाडला. त्याला औषध अजून नाही.

माश्या घालण्याआधी एक तपासणी. ड्रिलची दोन बिटं घ्या, ६ मिमी आणि साडेनऊ मिमी. फ्रेमा भरा, पेटी सपाट जागी ठेवा. प्रत्येक फ्रेम आणि भिंत यांच्या फटीत ६ चं बिट खालपर्यंत सहज उतरलं पाहिजे, साडेनऊचं अडलं पाहिजे. मग वर सरळ पट्टी आडवी टाकून फ्रेमांच्या माथ्यावर तेच. जिथे ६ अडतं तिथे बाजूच्या पट्टीवर रंध्याचे दोन हात मारा. जिथे साडेनऊ आत जातं तिथे भिंतीला आतून पातळ पट्टी चिकटवा. वसाहत आत असताना हे काही करता येत नाही.

वेळेचं म्हणाल तर लाकूड आता घ्या, पडवीत फळ्यांमध्ये काड्या घालून रचून ठेवा, आणि पेट्या दिवाळीच्या सुमारास जोडा. हवा तेव्हा मधली असते, फळी ना फुगलेली ना सुकलेली. चार वसाहती ठेवायच्या असतील तर पाच पेट्या करा आणि पाचवी फ्रेमा-मेणपत्र्यासह तयार, रिकामी ठेवा. माघ-फाल्गुनात वसाहत फुटते तेव्हा थवा शेजारच्या फांदीवर कधी तासभर, कधी जेमतेम दिवसभर थांबतो, तेवढ्यात पेटी बनवून होत नाही.